हातानं आवळलेला नट

प्रिय दामू,

तुझ्या फटफटीच्या मागच्या स्प्रिंगा आज दुपारी मी खोलल्या आणि परत बसवल्या. हात चार वेळा घासलेटनं आणि दोन वेळा राखेनं धुतले, तरी कागदावर बोटं उमटलीच. तू म्हणायचास, "आक्का, तुझं पत्र वाचायचं म्हणजे आधी डाग पुसून घ्यावे लागतात." पूस आता!

तुला जाऊन वर्ष होत आलं. वर्षभरात मी तुला एक ओळ लिहिली नाही. मेलेल्या माणसाला पत्र लिहायला मी काही खुळी नाही, असं स्वतःला बजावत राहिले. पण उद्या खंडेनवमी आहे आणि उद्या सकाळी तुझ्या जागी आलेला डॉक्टरांचा नवा कंपाउंडर फटफटी न्यायला येणार आहे. त्याच्या आत तुला एक विचारायचं आहे आणि एक कबूल करायचं आहे. विचारायचं सोपं आहे, म्हणून ते आधी.

तू त्या फटफटीवर येऊन का बसतोस रे?

मला भास होतात असं म्हणू नकोस. भास होणारी बाई मी नव्हे, हे तुला पक्कं ठाऊक आहे. आबांच्या टांग्यांच्या कारखान्यात लहानाची मोठी झाले मी. तुंगार्लीच्या बंगल्यांवर येणाऱ्या शेट लोकांच्या टांग्यांची कमान, म्हणजे खालची पट्ट्यांची स्प्रिंग, दबली की आबा मला हाक मारायचे, "सरू, बोटं लाव गं." चाक आणि पेटी यांच्यामध्ये आडवी बोटं धरून मी सांगायची, डावीकडं पाच, उजवीकडं साडेतीन. माझी बोटं कधी चुकली नाहीत. आबा गेले, टांग्यांचं काम मंदावलं, नवरा गेल्यावर मी परत ह्याच घरात आले, तरी बोटं तीच आहेत.

पौषातली गोष्ट. भर दुपारी मी पडवीत गहू निवडत होते. तुझी गाडी कोपऱ्यात उभी. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुण्याहून नवा नट आणवला होता, चाक सरळ करून घेतलं होतं आणि उजवी स्प्रिंग मीच बसवली होती. तिच्यावर बसायला मात्र कुणी तयार नव्हतं, म्हणून ती आपल्याच पडवीत राहिली. तर मी गहू निवडतेय आणि कुईं असा आवाज आला. जड माणूस मागच्या सीटवर बसला की तिची उजवी स्प्रिंग जसा आवाज करते ना, तसाच! मी वर बघितलं. कुणी नाही. पण मागची बाजू खाली बसलेली. उठून बोटं लावली. डावीकडं चार, उजवीकडं दोन.

संध्याकाळी परत बघितलं, तर दोन्हीकडं चार.

तेव्हापासून हे चालूच. रोज नाही, पण आठवड्यातून एखाद्या दुपारी हमखास. सगळ्या गाडीवर धूळ बसते, मागच्या सीटवर बसत नाही. मनी आधी त्याच सीटवर झोपायची, आता पडवीत पाऊल टाकत नाही. दारातून बघते आणि शेपूट फुगवून उभी राहते. एकदा मी रागानं सीटवर कोहळा ठेवला. म्हटलं, बसायचं तर बस त्याच्यावर! पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात कोहळा खाली जमिनीवर आलेला. पडला म्हणावा तर फुटला असता. तो नीट ठेवलेला होता.

आणि बसायचं तर पुढं बस की! गाडी चालवणारा तू. मागं बसून कुणाची वाट बघतोस?

खरं सांगू? मला भीती वाटायची, पण तेवढंच बरंही वाटायचं. घरात कुणीतरी आहे, असं. जेवताना मी पडवीचं दार उघडं ठेवायला लागले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सरू, गार वारं येतंय, लाव की दार." मी म्हटलं, असू दे.

ही गाडी आली तेव्हाचा तू आठवतोस का? लढाई संपली, लष्कराचं सामान निघालं आणि डॉक्टरांनी लिलावात ही मातकट हिरवी फटफटी घेतली. पवन मावळातल्या वाड्यांवर औषधं पोचवायला. आणि पहिल्याच फेरीला तू कंबर धरून परत आलास! मागचं चाक चौकटीला गच्च बसवलेलं, मध्ये स्प्रिंग म्हणून नाही. "आक्का, निम्म्या बाटल्या फुटल्या आणि माझा मणकाही फुटलेल्यांतच मोजायचा," असं म्हणालास. मी हसून हसून लोळले. मग आठ दिवस तू आणि मी कारखान्यात. चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा, दांड्यावर जाड स्प्रिंग, आणि स्प्रिंग उडू नये म्हणून वर एकेक नट. एवढंच. पण काय डौलात चालायला लागली ती! डॉक्टर म्हणाले, दामू, तू कंपाउंडर कशाला झालास? तुझी छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या बाकी राहिल्या.

दर पावसाळ्यानंतर दोन्ही स्प्रिंगा खोलायच्या, चिखल खरवडायचा, घासलेटनं धुवायच्या, दोरीला टांगून हातोडीनं वाजवायच्या. घंटेसारखी वाजली तर धड, बद्द वाजली तर आत चीर. हे आबांचंच तंत्र. मग ग्रीस चोपडून परत चढवायच्या. गेल्या वर्षी तू ते काम अष्टमीला काढलंस. मी म्हटलं होतं, दसरा होऊ दे. ऐकतोस कुठं! संध्याकाळपर्यंत स्प्रिंगा चढल्या, उजवा नट तेवढा हातानं फिरवून ठेवलास आणि म्हणालास, "सकाळी आवळतो."

आणि सकाळी मी हत्यारं पूजेला मांडली.

दामू, आता कबुली. हा कागद कुणी वाचो न वाचो, मला लिहायचंच आहे.

आपल्या घरची रीत तुला नव्यानं काय सांगायची! खंडेनवमीला हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू देत. आबांनी जळता टांगा दारात आला तरी त्या दिवशी हातोडी उचलली नसती. मी नैवेद्य दाखवत होते आणि औंढोलीचा देवराम डॉक्टरांकडून धापा टाकत आला. त्याच्या बायकोला, हौसाला, गवत कापताना पान लागलेलं, साप चावलेला. डॉक्टरांनी सुई बांधून दिली होती, ती घेऊन तू निघणार होतास.

तू आत आलास. म्हणालास, "आक्का, मोठा पाना दे. उजवा नट आवळायचा राहिलाय."

मी म्हटलं, "आज नाही."

"एक फिरकी गं. आवळून परत ठेवतो."

"देवापुढचा पाना उचललास तर ह्या घरात पाणी प्यायचं नाही!"

हे मी बोलले. माझ्या ह्या तोंडानं. तू रागावला नाहीस, हेच तर जाळतं मला. चार शिव्या तरी द्यायच्या होत्यास! तू हसलास, खांद्यावरचं फडकं नटाला गुंडाळलंस आणि दात खाऊन तो हातानंच आवळलास. "चालतंय," म्हणालास. देवरामला मागं बसवलंस आणि गेलास. पाना उचलायला मला दोन पावलं टाकायची होती. मी नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवत राहिले.

हौसा वाचली. परतताना वाटेतल्या औंढ्याच्या उतारावर तू पडलास. तुला बैलगाडीतून आणलं, गाडी आठ दिवसांनी आली. आल्या आल्या मी उजवी बाजू बघितली. दांडा मोकळा. नट नाही. स्प्रिंग गावकऱ्यांनी गोणपाटात घालून दिलेली.

नट पडताना निखळला असेल असं धरून लोक म्हणाले, "दामू फार जोरात हाणायचा." डॉक्टर म्हणाले, "वेगानं घात केला." आणि मी? मी हो म्हणून मान हलवली. दहाव्याला हलवली, बाराव्याला हलवली, भेटायला येईल त्याच्यापुढं हलवली. तू! जो म्हशी आडव्या आल्या तर गाडी बंद करून उभा राहायचास! त्या तुला मी भरधाव करून टाकलं. काल नव्या कंपाउंडरची आई आली होती बिचारी. तिचा जीव टांगणीला. पदर चाचपत म्हणाली, "त्याला वेगाची हौस होती का हो?" मी म्हटलं, "होती." ती गेली आणि पडवीत कुईं झालं. त्यानंतर गाडी वर आलीच नाही. सबंध रात्र गेली, सकाळ गेली, उजवीकडं दोनच बोटं.

म्हणून आज स्प्रिंगा खोलायला बसले. म्हटलं, एखादी मऊ पडली असेल, चीर गेली असेल, तर माझंच खूळ निघेल आणि सुटेन. यंदा पाऊस लांबलाय, दुपारीच असं धुकं उतरलं की अंगणातली तुळस दिसेना. गाडीखाली ठोकळा सारला. मागचं चाक अधांतरी झालं. दोन्ही नट काढले, स्प्रिंगा उतरवल्या, धुतल्या आणि परातीत शेजारी शेजारी उभ्या केल्या.

उजवी दोन बोटं बुटकी होती.

वर वजन नाही, काही नाही. मोकळ्या परातीत उभी, आणि तरी दबलेली! दोरीला टांगून वाजवली. घंटेसारखी वाजली, किती वेळ घुमत राहिली. चीर नाही. परत परातीत ठेवली, हातानं वर ओढून बघितली, तर ओढवेना. कुणीतरी वरून तळवा दाबून धरावा तशी. धुक्यात काही दिसेना, आणि तेवढ्यात अंगणातून हाक आली, "आक्का, हायसा का घरात?"

देवराम होता. तो महिन्याकाठी येतो, हे तुला माहीतच असेल. कधी तांदूळ, कधी काकड्या. ठेवतो, पडवीत बसतो, गाडीकडं बघतो आणि न बोलता जातो. मला वाटायचं, उपकार फेडतोय बापडा. आज आंबेमोहोराची पिशवी ठेवली आणि मला एकटीला पहार घेऊन बसलेली बघून म्हणाला, "बाजूला सरा, म्या दाबतो. तुमी नट लावा."

डावी स्प्रिंग त्यानं दाबली, मी नट लावला. मग तो परातीपाशी आला आणि थांबला.

"ही बारीक कशापायी, आक्का?"

"तुलाही दिसते ना?" मी म्हटलं.

तो खाली टेकला. मग म्हणाला, "उद्या गाडी दुसऱ्याला देनार म्हनं. त्या आदी तुमास्नी सांगतो. तुमच्या भावाला म्या मारलं, आक्का. जाताना सारखा म्हनत व्हतो, दामूभाऊ जोरात, जोरात चला, बाई मरंल माजी. त्यांना वेगाची सवं मीच लावली. म्हनून येताना…" आणि तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, हमसून हमसून.

वर्षभर तो हे उरावर घेऊन काकड्या आणत होता! आणि मी घेत होते, कोशिंबीर करत होते.

मी तोंड उघडलं. जीभ रेटेना रे. परातीकडं बघितलं, तर स्प्रिंग आणखी एक बोट खाली गेलेली. मग मी सगळं सांगितलं. पाना, पाट, नैवेद्य, तुझं फडकं. मान हलवल्याचंही सांगितलं. "तू काही केलं नाहीस, देवराम," मी म्हटलं, "नट ढिला होता आणि ते मला ठाऊक होतं. माझा भाऊ माझ्या सोवळ्यानं गेला."

मला वाटलं तो उठून जाईल, माझ्या तोंडावर थुंकेल. तो रडायचा थांबला.

"मंग त्यो नट व्हता व्हय," तो म्हणाला.

"कुठला नट?"

"हौसाला सुई दिली, ती सावद झाली, आन दामूभाऊ म्हनले, देवराम, पक्कड हाय का, न्हाई तर सांडशी, एक नट ढिला झालाय. आमच्यात बी हत्यारं पूजेला बसलीवती, आक्का. कोयता, खुरपं, पक्कड, समदी पाटावर. म्या म्हनलं, आज न्हाई दामूभाऊ, उद्या देतो. ते हसले. म्हनले, चालतंय."

चालतंय! तिथंही हेच म्हणालास तू!

दामू, दोघांच्याही डोळ्यांपुढं एकच आलं. दोन पाट, दोन्हीकडं झेंडू, दोन्हीकडं धुतलेली हत्यारं झोपलेली, आणि मध्ये तू हातानं नट आवळत फिरतोयस. तुझं ऐकणारं एक माणूस कुठं भेटलं नाही रे तुला त्या दिवशी! ज्याच्या बायकोला वाचवलंस त्यानं पक्कड नाही दिली, आणि सख्ख्या बहिणीनं पाना नाही दिला. मी देवरामचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी जन्मात धरला नव्हता. दोघांनी पोटभर रडून घेतलं.

आणि परातीत कुईं वाजलं. लांबलचक, सावकाश, मागच्या सीटवरून माणूस उतरताना वाजतं तसं. आमच्या डोळ्यांदेखत स्प्रिंग वर आली. देवरामनं हात जोडले. मी बोटं लावली नाहीत. दिसत होतं.

मग आम्ही ती चढवली. देवरामनं पहारीनं दाबून धरली, मी नट लावला आणि पान्यानं आवळला, माझ्या अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं. ठोकळा काढला. दोन्हीकडं चार बोटं. पाना धुतला, पुसला आणि उद्याच्या पूजेसाठी बाकीच्या हत्यारांबरोबर पाटावर ठेवला. सात हत्यारं, सातही माझ्या हातानं ठेवली. वर्षभर एवढं जळूनही हात आपोआप पाटाकडंच गेला बघ. मला आवरलंच नाही!

देवरामला आत बोलावून गुळाचा चहा दिला. त्यानं बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. पडवीत खट्ट झालं. मग किर्र, किर्र. पाना नटावर फिरतो तसं.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. आवाज तीनदा झाला आणि थांबला. मग मी उठले. पाटावर सहा हत्यारं होती. मोठा पाना उजव्या नटावर बसवलेला होता, दांडी वर करून, काम संपल्यावर तू ठेवायचास तसा. मी दांडीला हात लावला. थंडगार. हलवून बघितली, जरा सैल होतो का म्हणून. अजिबात हलली नाही. मी आवळला होता त्याहून कितीतरी घट्ट.

देवराम धुक्यातून घरी गेला. जाताना म्हणाला, "हौसाला सांगतो, आन वाडीला बी सांगतो. त्यो गडी जोरात चालवत नव्हता म्हनून." मी दिवा लावला आणि हे लिहायला बसले. पडवी शांत आहे. मनी आत आली, सीट हुंगली आणि तिच्यावर चढून झोपली. म्हणजे तू गेलास. तुला सोडवण्यासाठी वर्षभर जे बोलायला हवं होतं ते आज बोलले, आणि तू लगेच गेलास! थोडा थांबला असतास तर काय बिघडलं असतं? जेवण वाढलं असतं.

दामू, मी तुला वचन देते. उद्या तो नवा कंपाउंडर आईला घेऊन येईल, तेव्हा दोघांना अंगणात उभं करून, शेजारच्या मावशींना, डॉक्टरांना बोलावून, माझ्या तोंडानं सगळं सांगेन. कुणी तोंडावर दार लावलं तरी सांगेन. पाटावर उद्या सहाच हत्यारं असतील. मोठा पाना मी चामड्याच्या वादीनं गाडीलाच बांधून देणार आहे, आणि ह्या घरात मी असेपर्यंत तो पूजेला बसणार नाही. खंडेनवमीला कुणीही दारात येऊन हत्यार मागितलं, तर मी पाटावरून उचलून त्याच्या हातात देईन, हळदकुंकवासकट.

तुझी,
सरूआक्का